वीस मिलिमीटरांचं देणं

माझ्या उजव्या गुडघ्याखाली एक प्लेट आणि काही स्क्रू आहेत. त्यांचे पैसे विमा कंपनीने भरले, तो हिशेब मिटला. पण त्या पायाने पन्नाशीनंतर मी पुन्हा शर्यतीत उतरलो ते दोन माणसांमुळे, आणि त्यांचं देणं अजून माझ्या अंगावर आहे.

पावसाळ्यात रेल्वे फाटक ओलांडताना ओल्या रुळांवरून पुढचं चाक सटकलं आणि नडगीच्या हाडाचं वरचं टोक पिचलं, म्हणजे ज्यावर गुडघा तोललेला असतो तेच. ऑपरेशननंतर कित्येक आठवडे पाय टेकवायची मनाई होती. तोवर मांडी वाळली, गुडघा आखडला. भेटायला येणारे म्हणायचे, “आता नीट चालायला लागलात की जिंकलं.” त्यात माया होती, मला ते कळत होतं. पण विशीत मी मुंबई-पुणे सायकल शर्यत केलेली. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ व्हायचं म्हणून फुप्फुसं फाटेस्तोवर पायडल मारलेलं. तो किताब मिळाला नाही, ओढ मात्र गेली नव्हती.

फिजिओथेरपीची डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, “काका, बरं झाल्यावर काय करायचंय?”

“रेस.”

ती हसली नाही, समजूतही घातली नाही. फाईलवर तेवढा एकच शब्द लिहिला आणि गुडघ्याला कोनमापक लावला. “आत्ता नव्वद अंश वाकतोय. पायडलचा पूर्ण फेरा मारायला साधारण एकशे दहा लागतात.” तोवर सगळे माझ्याशी नशिबाबद्दल बोलत होते. ही वीस अंशांबद्दल बोलली. तेव्हा मला किती हलकं वाटलं ते सांगता येत नाही.

व्यायामाच्या वेदनेत ती गोष्टी सांगायची. सायकलपटू ग्रेग लेमाँड १९८७ मध्ये शिकारीच्या वेळी गोळी लागून मरता मरता वाचला, छर्रे अंगात तसेच राहिले, आणि १९८९ ची टूर द फ्रान्स त्याने फक्त आठ सेकंदांनी जिंकली. मी म्हटलं, “अगं, तो अठ्ठावीस वर्षांचा होता.” दुसऱ्या दिवशी ती अलेक्स झनार्डी घेऊन आली. मोटार शर्यतीत दोन्ही पाय गेलेला हा माणूस हातांनी चालवायच्या सायकलवर २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. यावर मला उत्तर सुचलं नाही.

तरी गुडघा शंभरच्या अलीकडे अडकला तो अडकलाच. पायडल वरच्या टोकाशी यायचं आणि थांबायचं. “पहिला फेरा बहुधा उलटा बसतो,” ती म्हणाली. उलटाही बसेना.

शेवटी सायकल रिक्षात घालून अण्णांच्या दुकानात गेलो. एके काळी मुंबई-पुणे शर्यतीमागे टेम्पोत जादा चाकं घेऊन बसणारे हेच अण्णा. कसं पडलास, कुठे पडलास, काही विचारलं नाही. सायकल स्टँडवर चढवली, मला वर बसवलं, गुडघ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, “फिरव.” पायडल अडलं तिथे त्यांचा तळवाही थांबला. मग खोक्यात हात घालून त्यांनी लहान मुलांच्या सायकलचे क्रँक, म्हणजे पायडलच्या दांड्या, काढले. माझे १७२.५ मिलिमीटरचे, हे १५२. पुलर लावून जुने उतरवता उतरवता म्हणाले, “बघ, दांडी वीसने आखूड झाली. पायडल वर येईल तेव्हा वीस कमी चढेल. खालीही वीस कमी जाईल, म्हणून सीट वीसने उचलायची. वरच्या टोकाला गुडघ्याला किती जागा मिळाली?”

“चाळीस.”

“मग बस.”

पायडल उलटं फिरलं. गुडघ्यात काहीतरी ताणलं गेलं, सुटलं, आणि पाऊल माथ्यावरून पलीकडे उतरलं. मला रडू आलं. अण्णा पान्याने सीटचा बोल्ट आवळत होते. “उलटं का होईना, फिरलं,” ते म्हणाले. “आता सुलटं मार.”

क्रँकचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. “पाय वाकला की परत आणून दे. ते विकायचे नाहीत.”

पुढच्या वर्षी वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात सराव केला आणि चौघांच्या संघातून ‘डेक्कन क्लिफहँगर’मध्ये उतरलो. पुण्याहून गोव्यापर्यंतचं सुमारे ६४० किलोमीटरचं अंतर, आळीपाळीने. रात्री मागच्या गाडीत दिव्यांची आणि बर्फाची जबाबदारी त्या डॉक्टर मुलीने घेतली होती, रजा काढून. माझी पाळी संपली की ती अंधारात गुडघा चाचपायची आणि नुसतं “चालेल” म्हणायची. चौघांत मीच सर्वांत हळू होतो, तरी माझ्या वाट्याचा एकही टप्पा कुणाला घ्यावा लागला नाही.

गोव्याहून परतल्यावर पेढे घेऊन अण्णांकडे गेलो. त्यांनी आधी मागचं चाक फिरवून पाहिलं, “आऊट आहे की रे,” म्हणून मला थांबवून ठेवलं, आऱ्या आवळून चाक सरळ केलं आणि मगच पेढा तोंडात टाकला. क्रँक मी कधीच परत केले होते. सध्या ते एका निवृत्त शिक्षकांच्या सायकलला आहेत. त्यांचा गुडघा पंच्याण्णववर आलाय, असं डॉक्टरने परवाच फोन करून सांगितलं.