तेवीस रंग आणि एक कपाट

कॉमर्सच्या पदवीधराला रंग दोनच ठाऊक असतात. नफ्याची शाई काळी आणि तोट्याची लाल. वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे काढली की तिसराही कळू लागतो, तो म्हणजे भिंतीचा. आमच्या शाखेच्या भिंतींना चार फुटांपर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट आहे. बाकावर बसलेल्या पेन्शनरांच्या डोक्याचे तेल त्यात दिसत नाही. चार फुटांच्या वर जे काही आहे, त्याला रंग म्हणायचे की वय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तेव्हा माझ्या भाच्याने (तो आर्किटेक्ट होतो आहे, बरीच वर्षे होतोच आहे) "मामा, तुला झाउअरब्रुख हटन माहीत आहे का?" असे विचारल्यावर, ते जेवणाआधी घ्यायचे की नंतर, एवढेच मी विचारले.

निघाले ते बर्लिनमधले वास्तुरचनाकारांचे ऑफिस! माथियास झाउअरब्रुख हा जर्मन नवरा, लुईझा हटन ही इंग्लिश बायको. दोघांनी १९८९ साली लंडनमध्ये ते काढले आणि पुढे बर्लिनला नेले. इमारत बांधून झाल्यावर मग तिला कुठला डबा लावायचा, ही आपली पद्धत. यांचे तसे नाही. यांच्याकडे रंग हाच बांधकामाचा माल. म्युनिकला २००९ साली यांचे ब्रांडहॉर्स्ट म्युझियम उघडले. त्याला बाहेरून भाजक्या मातीच्या, चकचकीत मुलाम्याच्या तब्बल ३६,००० उभ्या कांड्या लावल्या आहेत आणि त्यांचे रंग आहेत २३! लांबून सगळे एकमेकांत विरघळून सौम्य दिसतात, जवळ जावे तसे सुटे होतात. कांड्यांच्या मागे बारीक भोकांचा, आडव्या घड्यांचा पत्रा आहे. तो रस्त्याचा गोंगाट गिळतो.

तेवीस रंग, आणि तेही नवराबायकोच्या संमतीने! आमच्या हॉलचा एक रंग ठरवायला तीन रविवार गेले. सौ. अबोली म्हणत होती, मी गुलाबी म्हणत होतो, आणि पेंटरच्या मते आम्ही दोघेही एकाच चौकोनावर बोट ठेवून भांडत होतो.

पण माझा खरा जीव अडकला तो बर्लिनच्या एका ऑफिसात. जीएसडब्ल्यू या घरे भाड्याने देणाऱ्या कंपनीसाठी यांनी बांधलेला टॉवर १९९९ साली पुरा झाला. त्याच्या पश्चिमेला काचेच्या दोन भिंती आणि मध्ये पोकळी. उन्हाने तापलेली हवा धुराड्यातल्यासारखी त्या पोकळीतून वर चढते आणि जाता जाता आतली शिळी हवा ओढून नेते. ताजी येते पूर्वेकडून. त्याच पोकळीत लाल, गुलाबी, नारिंगी झडपा आहेत. डोळ्यांवर ऊन आले की ज्याची त्याने सरकवायची. त्यामुळे भिंतीवर सकाळी एक चित्र, दुपारी दुसरे.

म्हणजे बघा, जगभरची पोरे वह्या घेऊन जी भिंत बघायला जातात, ती रोज रंगवतो कोण? तर आत बसलेला कारकून! आणि तोही, शेजारच्याने ओढली म्हणून आपणही ओढावी, इतक्या सहज. भाच्याने दाखवलेल्या फोटोत एक झडप सताड उघडी होती. "हा रजेवर दिसतो," मी म्हणालो. भाचा हसला. मी विनोद केला नव्हता.

आमच्याकडे एसीचा रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतो. खिडकी आहे, पण तिच्यापुढे जुन्या लेजरांचे कपाट आहे. गेल्या महिन्यात मी रीतसर अर्ज दिला, की कपाट दोन फूट सरकवावे.

"खिडकी उघडली तर कॅशमधल्या नोटा उडतील हो," साहेब म्हणाले.

मग मी त्यांना बर्लिनची हकीकत सांगितली. इतक्या उंचावर माणसे खुशाल खिडकी उघडतात, बाहेरची काच वारा अडवते, कागद जागचा हलत नाही. साहेबांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले.

"पण आपण तळमजल्यावर आहोत ना," ते म्हणाले.

अर्ज फाइल झाला आहे. त्याच कपाटात.