विंडोज व्हिस्टा आणि अपग्रेडचा वैताग

विंडोज व्हिस्टा ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्रीस आली. तिच्या आधीची विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मधली. दोन घरगुती विंडोजमध्ये सव्वापाच वर्षांचे अंतर त्याआधी कधी पडले नव्हते. एवढ्या अवधीत संगणक म्हणजे एक्सपी, अशीच कोट्यवधी लोकांची समजूत होऊन बसली होती. कोणते बटण कुठे आहे हे हाताला पाठ झाले होते, घरातले प्रिंटर-स्कॅनर एक्सपीशी जुळलेले होते आणि धंद्याचे प्रोग्रामही तिच्या सवयी गृहीत धरून लिहिले गेले होते. ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की कुरकुर होतेच. व्हिस्टाच्या वाट्याला मात्र कुरकुरीपलीकडची बदनामी आली. तिच्याविरुद्धच्या तक्रारी सगळ्या सारख्या वजनाच्या नव्हत्या आणि त्यांचे धनीही वेगवेगळे होते.

विकासकाळात व्हिस्टाचे सांकेतिक नाव लाँगहॉर्न होते. मूळ बेत एक छोटी मधली आवृत्ती काढण्याचा होता. एक्सपीला आणि तिच्यानंतरच्या नियोजित मोठ्या आवृत्तीला कॅनडातल्या व्हिसलर आणि ब्लॅककोंब या स्कीइंगच्या डोंगरांची नावे दिलेली होती. लाँगहॉर्न हे तिथल्याच एका मद्यालयाचे नाव, म्हणजे मुक्काम नव्हे, वाटेतला थांबा. प्रत्यक्षात थांब्यावरच सगळे सामान उतरवले गेले. फायली साठवण्याची विनएफएस ही नवी रचना, नवे दृश्य रूप, नवी सुरक्षाव्यवस्था, सगळेच लाँगहॉर्नमध्ये येऊ लागले आणि काम आवाक्याबाहेर गेले. ऑगस्ट २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आधीचे बरेचसे काम बाजूला ठेवून विंडोज सर्व्हर २००३ च्या पायावर नव्याने सुरुवात केली. विनएफएस वगळली गेली.

उशीर होण्याचे दुसरे कारण एक्सपीच होती. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून सुरक्षिततेला नव्या सोयींपेक्षा वरचे स्थान द्यायला सांगितले होते. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर नावाचा वर्म इंटरनेटवरून जगभरच्या संगणकांत पसरला आणि पत्रातली भीती खरी ठरली. एक्सपीची डागडुजी करणारा सर्व्हिस पॅक २ ऑगस्ट २००४ मध्ये निघाला; त्यासाठी लाँगहॉर्नवरची माणसे काढून घ्यावी लागली होती. व्हिस्टा ज्या गोष्टीमुळे सर्वांत जास्त नावडती झाली, तिचे मूळ याच काळात आहे.

एक्सपीत घरगुती संगणकावर तयार होणारे पहिले खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे, म्हणजे पूर्ण अधिकारांचे असे, आणि बहुतेक जण कायम त्याच खात्यावर काम करत. त्यामुळे चालू केलेला प्रत्येक प्रोग्राम, मग तो पत्त्यांचा खेळ असो की ईमेलमधून आलेला व्हायरस, संगणकात वाटेल तो फेरफार करू शके. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही तीच सवय लागली. वापरकर्त्याची माहिती त्याच्या स्वतःच्या फोल्डरात ठेवावी असा नियम होता, तरी कित्येक प्रोग्राम ती बेधडक ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये किंवा विंडोजची सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीच्या सर्वांसाठी सामाईक असलेल्या भागात लिहीत. मर्यादित अधिकारांच्या खात्यावर असले प्रोग्राम चालत नसत. म्हणून पुन्हा सगळे ॲडमिनिस्ट्रेटरच राहत.

व्हिस्टाने हे चक्र तोडण्यासाठी यूएसी, म्हणजे युजर अकाउंट कंट्रोल आणले. ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केले तरी त्याचे प्रोग्राम साध्या वापरकर्त्याच्या अधिकारांनिशी चालत. एखाद्या कामाला पूर्ण अधिकार लागले की पडदा काळवंडे आणि परवानगी मागणारी चौकट पुढे येई. पडदा काळवंडणे ही सजावट नव्हती. ती चौकट वेगळ्या, सुरक्षित डेस्कटॉपवर दाखवली जाई, जेणेकरून दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामने परस्पर ‘होय’ दाबू नये. कल्पना योग्य होती आणि तिला बराच उशीर झाला होता, एवढाच दोष तिच्यात काढता येईल. अंमलबजावणीचे तसे म्हणता येत नाही. सर्व वापरकर्त्यांसाठी असलेला एखादा शॉर्टकट डेस्कटॉपवरून काढायचा, तर आधी ‘खरेच काढायचा का’ हा जुना प्रश्न, मग परवानगी लागेल अशी सूचना, मग यूएसीची चौकट. एका क्षुल्लक कामाला तीन होकार. नव्या संगणकावर पहिल्या काही दिवसांत एकामागून एक प्रोग्राम बसवताना तर माणूस चौकट वाचणेच सोडून देई, आणि न वाचता दाबलेल्या होकारातून संरक्षण काहीच मिळत नाही. ॲपलने २००७ मध्ये याच प्रकारावर जाहिरात केली: काळा चष्मा लावलेला अंगरक्षक प्रत्येक वाक्याला ‘रद्द करायचे की चालू द्यायचे’ असे विचारत उभा आहे.

मायक्रोसॉफ्टच्या डेव्हिड क्रॉस यांनी एप्रिल २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या आरएसए या संगणक-सुरक्षेच्या परिषदेत उघडपणे सांगितले, की यूएसी लोकांना त्रास व्हावा म्हणूनच आणले होते. त्यांचा रोख असा: ग्राहक वैतागला की तो प्रोग्राम बनवणाऱ्याकडे तक्रार करतो, आणि त्या दबावाखाली प्रोग्राम सुधारले जातात. हिशेब चुकला नाही. कंपनीच्या नोंदींनुसार परवानगी मागायला लावणाऱ्या निरनिराळ्या प्रोग्रामांची आणि कामांची संख्या सुरुवातीला पावणेआठ लाखांच्या आसपास होती. ऑगस्ट २००८ पर्यंत ती एक लाख अडुसष्ट हजारांवर आली. फक्त या सुधारणेची किंमत कोणी मोजायची हे ग्राहकाला कुणी विचारले नव्हते.

जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून व्हिस्टात आणखी एक युक्ती होती, आणि तिच्यातून निघालेल्या तक्रारी दुरुस्ती करणाऱ्यांनाही चक्रावून टाकत. प्रोग्रामने ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये लिहायचा प्रयत्न केला, की व्हिस्टा ते लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात वळवी. प्रोग्रामला वाटे, आपण ठरल्या जागीच लिहिले. समजा, दुकानातल्या एका संगणकावर हिशेबाचा असा जुना प्रोग्राम आहे. सकाळी एकाने स्वतःच्या खात्यातून केलेली नोंद दुपारी दुसऱ्याला त्याच्या खात्यातून दिसणारच नाही, कारण दोघांच्या नोंदी दोन जागी जात आहेत. यूएसीला कंटाळून कुणी ते बंद केले, तर वळवण्याची सोयही बंद पडे आणि तोवरच्या सगळ्या नोंदी अचानक नाहीशा झाल्यासारख्या वाटत. माहिती डिस्कवर सुरक्षित असे, पण ती कुठे शोधायची हे सांगणारे कुणी नसे.

यूएसीने चीड आणली. ड्रायव्हरांनी, म्हणजे हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामांनी, प्रत्यक्ष नुकसान केले. व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना मुळापासून बदलली, ध्वनीची यंत्रणा बहुतांशी कर्नलबाहेर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याबाहेर काढली आणि ६४ बिटांच्या आवृत्तीत कर्नलमध्ये चालणाऱ्या ड्रायव्हरांना डिजिटल स्वाक्षरी सक्तीची केली. उद्देश एकच: एखाद्या ड्रायव्हरमध्ये बिघाड झाला तर त्याने सगळा संगणक बंद पाडू नये. पण नवी रचना म्हणजे नवे ड्रायव्हर, आणि ते लिहायचे हार्डवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी. विकून मोकळ्या झालेल्या जुन्या स्कॅनरसाठी नवा ड्रायव्हर लिहिण्यात कंपनीला फायदा नव्हता. नवा स्कॅनर विकण्यात होता. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र कालपर्यंत चालणारा स्कॅनर आज व्हिस्टामुळे बंद पडला.

पुढे न्यायालयात उघड झालेल्या कागदपत्रांतून आतली बाजू कळली. २००७ मधल्या एका काळात मायक्रोसॉफ्टकडे नोंदल्या गेलेल्या व्हिस्टा बंद पडण्याच्या घटनांपैकी सुमारे २९ टक्के ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांमुळे होत्या, तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडमुळे सुमारे १८ टक्के. कंपनीतले वरिष्ठ अधिकारी स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी स्टीव्ह बामर यांना लिहिलेल्या ईमेलमध्ये स्वतःच्या घरच्या प्रिंटरला ड्रायव्हर उशिरा मिळाल्याचा उल्लेख आहे. त्यांचे निदान नेमके आहे: व्हिस्टा खरोखर बाजारात येईल यावर कुणाचा विश्वासच नव्हता, म्हणून हार्डवेअर कंपन्यांनी २००६ च्या अखेरीपर्यंत कामाला हातच घातला नाही. वारंवार पुढे ढकललेल्या तारखांची ही भरपाई ग्राहकाने केली.

ही कागदपत्रे ज्या खटल्यात उघड झाली, तो ‘व्हिस्टा केपेबल’ या स्टिकरचा. व्हिस्टा २००६ च्या दिवाळी-नाताळच्या हंगामात बाजारात नसणार हे ठरल्यावर लोकांनी संगणक खरेदी थांबवू नये, म्हणून एक्सपी असलेल्या नव्या संगणकांवर हे स्टिकर लावले गेले. त्यासाठी ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी रॅम पुरे होती. एवढ्यावर व्हिस्टा सुरू होई, पण जाहिरातीत दिसणारे एअरो हे पारदर्शक काचेसारखे रूप चालेलच असे नव्हते. स्वस्तातल्या होम बेसिक आवृत्तीत तर ते नव्हतेच. इंटेलचा ९१५ चिपसेट नव्या ग्राफिक्स रचनेत बसत नव्हता, तरीही तो चालावा म्हणून अट सैल केली गेली. इंटेलला तिमाहीचे आकडे गाठता यावेत यासाठी हे झाले, असे मायक्रोसॉफ्टमधल्याच एका अंतर्गत ईमेलमध्ये लिहिलेले सापडले. कंपनीचे उपाध्यक्ष माइक नॅश यांनी स्वतः असाच लॅपटॉप घेतला होता. २,१०० डॉलर मोजून आपल्याकडे आता फक्त ईमेल पाहण्याचे यंत्र आहे, अशा अर्थाचे त्यांनी सहकाऱ्यांना लिहिले. सिअ‍ॅटलच्या न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये हा दावा सामूहिक म्हणून मान्य केला आणि वर्षभराने ती मान्यता काढून घेतली. व्हिस्टाबद्दलच्या सगळ्या तक्रारींत या स्टिकरच्या तक्रारीला तांत्रिक सबब सर्वांत कमी आहे.

‘व्हिस्टा फाइल कॉपी करायला फार वेळ लावते’ ही तक्रार वेगळ्याच जातीची. एक्सपी कॉपी करताना मजकूर आधी मेमरीतल्या कॅशमध्ये घेई आणि प्रत्यक्ष डिस्कवर सावकाश लिही. कॉपीची चौकट बंद होई तेव्हा लिखाण पूर्ण झालेले असेच असे नाही. व्हिस्टाने कॅश टाळून थेट डिस्कवर लिहिण्याची पद्धत घेतली. काही कामांत ती खरोखर वेगवान होती, पण चौकट शेवटचा बाइट लिहून होईपर्यंत उघडी राही. मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क रुसिनोविच यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये हे सविस्तर उलगडून दाखवले. शिवाय कॅशमध्ये काही न उरल्यामुळे कॉपी झालेली फाइल लगेच उघडली तर ती पुन्हा डिस्कवरून वाचावी लागे, म्हणजे व्हिस्टा संथ असल्याच्या भासात थोडे तथ्यही होते. मार्च २००८ मध्ये सर्वांना मिळालेल्या सर्व्हिस पॅक १ मध्ये बहुतेक कॉपींसाठी जुनी पद्धत परत आली आणि ओरड बरीच कमी झाली.

मराठीच्या दृष्टीने व्हिस्टाचा एक बदल मोलाचा होता, आणि त्याची दखल फारशी कुणी घेतली नाही. एक्सपीत देवनागरी नीट दिसावी म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या फायली बसवाव्या लागत, आणि त्यासाठी एक्सपीची मूळ सीडी हाताशी लागे. त्या फायली नसतील तर मराठी मजकुराच्या जागी चौकोन, नाहीतर जागा चुकलेल्या वेलांट्या. व्हिस्टात ही सोय उपजतच होती. पण अक्षरजुळणीच्या धंद्याला तिची गरज नव्हती. तिथले काम पेजमेकर आणि युनिकोडपूर्व फाँट यांवर चाले; पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ ची आणि तिच्यानंतर मोठी आवृत्ती निघालीच नाही. असल्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे त्यांना ऑपरेटिंग सिस्टीमकडून मराठीची जाण लागत नाही. चालू असलेले काम मोडू नये एवढीच त्या धंद्याची अपेक्षा होती, आणि ती एक्सपी पुरी करत होती.

जुलै २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने सॅन फ्रान्सिस्कोत एक प्रयोग केला. व्हिस्टा न वापरताच नापसंत करणाऱ्यांना ‘मोहावी’ नावाची नवी विंडोज म्हणून व्हिस्टाच दाखवली. त्यांना ती आवडली. यातून पूर्वग्रह सिद्ध झाला खरा, पण दाखवलेले संगणक कंपनीने निवडलेले आणि सगळे काही आधीच बसवून ठेवलेले होते. घरचा जुना प्रिंटर जोडून बघा, असे त्यात कुणाला सांगितले नव्हते.

विंडोज ७ ही २२ ऑक्टोबर २००९ रोजी आली आणि तिचे स्वागत झाले. तिचा अंतर्गत क्रमांक ६.१, व्हिस्टाचा ६.०. ड्रायव्हरांची रचना बहुतांशी तीच असल्याने व्हिस्टासाठी पावणेतीन वर्षांत तयार झालेले ड्रायव्हर तिला आयते मिळाले. सुधारलेले प्रोग्रामही मिळाले. यूएसीला चार पायऱ्यांची पट्टी दिली गेली आणि विंडोजच्या स्वतःच्या बऱ्याच साधनांना न विचारता अधिकार मिळू लागले. त्याची किंमत लपली नाही: याच सवलतीचा आधार घेऊन यूएसीला बगल देण्याच्या युक्त्या लवकरच निघाल्या. व्हिस्टावरून विंडोज ७ वर थेट अपग्रेड करता येई. व्हिस्टा टाळून एक्सपीवर थांबलेल्यांना ती वाट बंद होती. त्यांना विंडोज ७ नव्याने टाकून सगळे प्रोग्राम पुन्हा बसवावे लागले. ज्यांचे प्रोग्राम एक्सपीशिवाय चालतच नव्हते, त्यांच्यासाठी प्रोफेशनल आणि त्यावरच्या आवृत्त्यांत एक्सपी मोड, म्हणजे विंडोज ७ च्या आत चालणारी संपूर्ण एक्सपी, मोफत देण्यात आली.