वाचल्यानंतरचे अठरा महिने



इथे आपण उज्जैनच्या जुन्या वाड्यांच्या, गणेशोत्सवातल्या नाटकांच्या, आजीच्या हातच्या चकल्यांच्या आठवणी लिहितो. मी लिहितोय ती आठवण फार जुनी नाही, आणि आपल्या घरांत तिच्याबद्दल सहसा कुणी बोलतही नाही. जानेवारी २०२३ मध्ये मी आत्महत्येचा प्रयत्न केला होता. वाचलो. तेव्हा मी ४७ वर्षांचा होतो. बायको आणि मुलगी, दोघींना विचारून आणि वाचून दाखवून हे इथे टाकतोय.

कसं, काय, ते लिहिणार नाही. त्यातून कुणाचं भलं होत नाही. कारणही एकच नव्हतं. लॉकडाऊननंतर धंदा बसला, देणी झाली. पण देणी अनेकांना असतात. माझी झोप चार महिने उडाली होती, जेवणाला चव लागत नव्हती, आणि आपण घरावरचं ओझं आहोत हा एकच विचार रात्रंदिवस डोक्यात घुमायचा. याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे आणि त्यावर औषध आहे, हे मला दवाखान्यात कळलं.

दुसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा घरचे हादरले. दादाला वाटलं, आता केस होणार, मुलीच्या लग्नात अडचण येणार. भाचा वकील आहे, त्याने सगळ्यांना बसवून समजावलं. भारतीय दंड संहितेचं कलम ३०९ तेव्हा पुस्तकात होतं खरं, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ त्याच्या आड येतं. हा कायदा २०१८ पासून लागू आहे. प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलम राहिलंच नाही. सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी असा प्रयत्न केला, तर तेवढ्यापुरतं वेगळं कलम आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण पोलिसांच्या भीतीने कितीतरी घरं माणसाला दवाखान्यात न्यायला कचरतात. अशा वेळी एक मिनिट घालवू नका.

घरी आलो. पहिले पंधरा दिवस घर भरलेलं होतं. कुणी प्रसाद आणला, कुणी फळं. काही जणांनी विचारलं, "एवढं काय कमी होतं तुला?" काहींनी बायकोचा विचार करायला सांगितलं. बायको बाहेर "तब्येत बिघडली होती" एवढंच सांगायची. तिचंही बरोबर होतं. आपला समाज लहान, फ्रीगंजात काही झालं की संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचतं. सोळाव्या दिवसापासून घर रिकामं झालं. सगळ्यांनी धरलं, हा आता बरा झाला.

मी बरा झालेलो नव्हतो. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. आणि दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे, पहिले काही महिने हाच जास्त धोक्याचा काळ असतो, असं डॉक्टरांनी बायकोला बजावलं होतं. म्हणजे लोक यायचे थांबतात नेमकी तेव्हाच त्यांची गरज असते.

या रिकाम्या दिवसांत शेजारचे काका आले. बँकेतून रिटायर झालेले, मोजकं बोलणारे. चहा झाला आणि सरळ म्हणाले, "हे बघ, आडून विचारत नाही. परत मरावंसं वाटतं का?"

बायको दारात थिजली. मी म्हणालो, "कधीकधी वाटतं, काका."

"बरं. हे डॉक्टरांना आज सांग, मी बरोबर येतो. आणि उद्या सकाळी सहाला तयार रहा, कोठी रोडवर चक्कर मारू."

तो प्रश्न ऐकून मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. तोपर्यंत सगळे माझ्याभोवती पावलं न वाजवता वावरत होते. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असं थेट विचारल्याने माणसाच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. त्यानंतर दर मंगळवारी आणि शनिवारी काका यायचे. उपदेश नाही, फक्त "झोप झाली का?" आणि चालणं. कधी परतताना पोहे-जलेबी. माझं तोंड उघडलं नाही तरी त्यांना चालायचं.

बरा होत गेलो तसं वाचायला लागलो, आणि एक अभ्यास सापडला. जागतिक आरोग्य संघटनेचा, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला. ब्राझील, श्रीलंका, इराण, चीन आणि आपलं चेन्नई, अशा पाच ठिकाणी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १८६७ लोकांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय एक तासभर नीट बोलणं, आणि मग अठरा महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. काय कसं चाललंय, काही हवंय का, इतकंच. अठरा महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटात २.२ टक्के लोक आत्महत्येने गेले होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. हे वाचून मी काकांना म्हटलं, "तुमच्या चकरा तर नऊच्या किती पुढे गेल्या." ते हसले फक्त.

अठरा महिने हा आकडा मला पटला, कारण माझंही साधारण तेवढंच चाललं. आपल्या उज्जैनला हे समजायला सोपं आहे. हिंदी पंचांगाचा सावन संपतो तरी आपला श्रावण पंधरा दिवस चालूच असतो, आणि मराठ्यांच्या काळापासूनच्या त्याच रीतीमुळे महाकालाची सवारी भादोंतल्या सोमवारीही निघते. २०२३ ला तर अधिक श्रावण होता, दहा सवाऱ्या निघाल्या. शेजाऱ्यांचं पंचांग काही म्हणो, ज्याचा महिना त्याच्या हिशोबाने संपतो.

त्याच धोंड्याच्या महिन्यात देवासहून सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, वाणाला यायचंय." जाताना पाय जड झाले होते. त्यांनी तेहेतीस अनारसे, दिवा, सगळं रीतसर दिलं. निघताना एवढंच म्हणाल्या, "पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. तेव्हाही तुम्हीच यायचं." गाडीत बसल्यावर मी रडलो. कितीतरी महिन्यांनी कुणी माझ्या तीन वर्षांनंतरचं बोललं होतं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. देण्यांचं दादाने बसून वेळापत्रक लावून दिलं, ते अजून फिटतंय. मी आता एका दुकानाचे हिशोब बघतो. वाईट दिवस येतात. त्यासाठी समुपदेशक बाईंनी एक कागद लिहून घेतला होता, तो मी कालनिर्णयच्या मागे टाचून ठेवलाय. त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं, स्वतः काय करायचं, कुणाकडे जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा, डॉक्टरांचा नंबर, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कुणाच्या ताब्यात द्यायच्या. गेल्या वर्षी एका रात्री तो कागद कामी आला. १४४१६ ला फोन लावला. समोरच्या मुलीने घाई न करता ऐकून घेतलं. सकाळी काकांबरोबर डॉक्टरांकडे गेलो.

आणखी एक गोष्ट वाचली, ती मी पाठ करून ठेवलीय. अशा प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी साधारण दहात नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. ते जगतात, म्हातारे होतात.

तर मंडळी, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर पहिल्या आठवड्यात गर्दी करू नका. दुसऱ्या महिन्यात जा, सहाव्यात जा, वर्षाने जा. कारण विचारू नका, झोप-जेवण विचारा. "परत तसं मनात येतं का?" हे शांतपणे विचारायला घाबरू नका, आणि "हो" म्हटलं तर त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. औषध मनाने बंद करू देऊ नका. त्याच्या बायकोलाही चहाला बोलवा. माझ्या बायकोला पहिलं वर्षभर कुणीच विचारलं नाही, तिला कसं वाटतंय ते.

आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात आज तेच विचार असतील तर घरातल्या एका तरी माणसाला आत्ता सांगा. टेली मानस १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. आपल्या मध्य प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत मनकक्ष असतो, तिथेही जाता येतं. आणि ज्यांच्याकडे माझा नंबर आहे, त्यांनी मला फोन करा. मंगळवार-शनिवारच्या चकरेला तिसऱ्या माणसाची जागा आहे.