कोठीची किल्ली

आमचे भंडाऱ्याचे घर जुन्या धर्तीचे. पुढे ओसरी, मग माजघर आणि सर्वांत आत कोठीची खोली. पाहुण्याने ओसरीवर बसावे, आप्तांनी माजघरात यावे. पण कोठीतले पसाभर तांदूळ हवे असले तरी आईकडेच मागावे लागत. किल्ली तिच्या कमरेला.

१९९४ साली घरात संगणक आला. त्यात डॉस. या डॉसच्या घरी कोठीला कुलूपच नव्हते! प्रिंटरची तार जोडतात त्या पोर्टचा पत्ता षोडशमान पद्धतीत ३७८. टर्बो सी भाषेत एक ओळ लिहून त्या पत्त्यावर आकडा टाकला, की आठ तारांपैकी हव्या त्या तारेत वीज येई. त्या दिवाळीत मी तुळशीवृंदावनाभोवती आठ चिमुकले दिवे लावून नाचवले. सारी आळी पाहायला लोटली.

बाबांनी त्याच यंत्रात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसवून घेतले होते. त्यामुळे पडद्यावर देवनागरी उमटे. आई जात्यावरच्या ओव्या सांगे आणि बाबा एका बोटाने टाइप करीत. दोन महिने हे चालले होते.

इकडे माझी धिटाई वाढली. डिस्कवर थेट लिहिण्याची आज्ञा मी शिकलो. तीत शून्य म्हणजे फ्लॉपी आणि षोडशमानातले ८० म्हणजे हार्ड डिस्क. लिहायचे होते फ्लॉपीवर, आकडा चुकला. डॉसने ‘कोण रे तिकडे?’ एवढेही विचारले नाही. यंत्र पुन्हा उठेना. ओव्या परत मिळवून देणारा गावात कोणी भेटला नाही. बाबा काही बोलले नाहीत. आई हसून म्हणाली, “सांगीन पुन्हा.” निम्म्या सांगून झाल्या, आणि पुढच्या दिवाळीला ती नव्हती.

२००३ साली नवे यंत्र आले, विंडोज एक्सपीचे. मी हौसेने दिव्यांचा कार्यक्रम विंडोजसाठी पुन्हा लिहिला. एक्सपीने तो दारातच अडवला! पोर्टला हात लावायचा तर ड्रायव्हर नावाच्या कारभाऱ्यामार्फत जा, असा दंडक. भाच्याने लिनक्स आणून दिले. तिथेही आधी ‘रूट’ची परवानगी. इंटेलने १९८२ सालच्या २८६ प्रोसेसरातच चार कड्या आखून ठेवल्या होत्या. सर्वांत आतल्या कडीत ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तुमचेआमचे कार्यक्रम बाहेरच्या कडीत. डॉसने त्यांचा कधी उपयोगच केला नव्हता.

“माझेच यंत्र आणि मलाच मज्जाव!” मी करवादलो.

बाबा ओसरीवरून म्हणाले, “अरे, तुझी आई किल्ली कमरेला ठेवी, ती काय आपल्याला चोर समजून? त्या यंत्राला अशी किल्ली असती, तर तिच्या ओव्या राहिल्या असत्या.”

आठ वर्षांत त्यांनी ओव्यांचे नाव प्रथमच काढले होते.

मी लिनक्सची परवानगी रीतसर घेतली. संध्याकाळी वृंदावनाभोवती आठही दिवे लागले. बाबा बराच वेळ तिथेच उभे होते.