आधी चॅप्स, मग करवत

आमच्याकडे ऑरेगनमध्ये रेड सीडरला तोटा नाही. लाकूड मऊ आणि सरळ रेषांचं, त्यामुळे चेनसॉने अस्वलं नि घुबडं कोरणाऱ्यांचं ते लाडकं. परसातल्या ओंडक्याचं घुबड करायचं मी मनावर घेतलंय. सध्या खरेदीचा अभ्यास चालू आहे.

दुकानात गेलं की नजर आधी मोठ्या इंजिनाकडे जाते. आपल्याला सवयच ना, प्रोसेसर कुठला, रॅम किती! पण कोरीवकामात खरा महत्त्वाचा असतो तो बार, म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती पोलादी पट्टी. त्यातही तिचं टोक.

साध्या बारचं टोक रुंद असतं. त्याचा वरचा भाग लाकडाला टेकला की साखळी अडकते आणि अख्खी करवत उसळून तुमच्या तोंडावर येते. याला म्हणतात किकबॅक. आता पंचाईत अशी, की डोळे-पिसं कोरायची तर टोकानेच! म्हणून कोरीवकामासाठी निमुळता बार मिळतो. त्यातला एक 'डाइम टिप'. टोक दहा सेंटच्या नाण्याएवढं, साधारण १८ मिलिमीटर रुंद. एका वेळी कमी दात लाकडाला लागतात, म्हणून झटका कमी. (कमी म्हणजे शून्य नव्हे, मंडळी!)

या बारला बहुधा पाव इंच पिचची साखळी लागते आणि इंजिनाकडचं दातेरी चाकही त्याच मापाचं. नाहीतर चक्क व्हर्जन मिसमॅच.

साखळीवरून आठवलं. आजच्या साखळीचे दात जो कॉक्स या लाकूडतोड्याची देणगी. १९४६ साली त्याने लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चावत पुढे जात होती. त्याने तशीच साखळी पोर्टलंडमध्ये, घराच्या तळघरात बनवली. याला म्हणतात रिव्हर्स इंजिनिअरिंग!

असो. पैसे मर्यादित असतील तर माझा क्रम असा: आधी पायांवर बांधायच्या चॅप्स. साखळी लागली तर त्यांच्यातले लांब धागे निघून चाकात गुंततात आणि ती थांबते. मात्र बॅटरीच्या करवतीचा जोर वेगळा, तिथे चॅप्सवर भिस्त ठेवू नये. मग जाळीचं हेल्मेट, कानांसाठी मफ्स, हातमोजे. त्यानंतर चेन ब्रेक असलेली हलकी, छोटी करवत, आणि शेवटी तिला बसणारा कार्व्हिंग बार.

इंजिनाची ताकद कमी पडली तर घुबड आठवडाभर उशिरा होईल. पण आमचं घर चालतं ते कीबोर्डवरच्या दहा बोटांवर. त्यामुळे हा क्रम काही बदलणार नाही.