लाल उजवीकडे, पिवळी डावीकडे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सुरतेत, आमच्या उधन्याच्या घरी पहाटे छातीत जड वाटायला लागलं. ही म्हणाली, "ॲसिडिटी म्हणू नका, चला." जवळच्या हॉस्पिटलात शिकाऊ मुलाने लगेच ईसीजी काढला. पट्टी बघून तो गप्पच झाला. हिचा चेहरा उतरला.

तेवढ्यात नंदुरबारकडची सिस्टर आली. "काका, पहिल्या लीडमध्ये सगळंच उलटं अन् एव्हीआर सरळ! आधी क्लिपा बघू." लाल क्लिप उजव्या हाताला हवी, पिवळी डाव्या. अदलाबदल झाली होती! तिने पुन्हा ईसीजी काढला. आता सगळं सरळ.

बँकेत बॅलन्स टॅली होईना आणि फरकाला ९ ने भाग गेला, की आम्ही आधी आकड्यांची उलटापालट शोधायचो. तसंच हे.

मी उठायला लागलो. "झोपा काका. दुखणं आहे तोवर एका पट्टीवर भरवसा नाही." ट्रोपोनिनला रक्त घेतलं, थोड्या वेळाने तिसरा ईसीजी काढला. त्यात खरा बदल दिसला.

आज स्टेंट घेऊन हे लिहितोय. मंडळी, छातीत जड वाटलं तर घरी थांबू नका. आणि सिस्टर झोपा म्हणाली, तर झोपा.