कुरुंद आणि कृष्णाकाठचे गोटे

मराठीत 'घासणे' हे क्रियापद तसे उपेक्षितच राहिले आहे. भांडी घासतात, दात घासतात, फरशी घासतात. याच कृतीला 'संस्कार' म्हटले की मात्र ती थेट ग्रंथांत जाऊन बसते. गेली काही वर्षे आम्ही नदीकाठचे दगड घरी घासून त्यांना झिलई आणण्याचा उद्योग करीत आहोत. त्यात 'कशाने घासावे' हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधताना भाषेचे आणि साहित्याचेही काही पदर हाती लागतात. म्हणून हे टिपण.

आधी दगडाविषयी. सातारा-सांगलीकडचा दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून खनिजे साचत गेली. कुठे सिलिका साचून अकीक व गारगोटी झाली, कुठे कॅल्साइट, कुठे झिओलाइट. भोवतीचा खडक झिजला की ही खनिजे सुटी होऊन नदीत येतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, पावसाळ्याचे पाणी उतरले की काळ्या गोट्यांत एखादा दुधट, अर्धपारदर्शक खडा चमकून जातो. तोच अकीक.

दिसायला सारखे असलेले हे खडे घासताना मात्र अगदी वेगळे वागतात. फ्रीडरिख मोस याने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी उतरंड लावली. तीत कॅल्साइट ३ वर, झिओलाइट साधारण साडेतीन ते साडेपाच, आपला बेसाल्ट ६ च्या आसपास आणि अकीक साडेसहा ते सात. पोलादी चाकूचा ओरखडा उमटला तर तो खडा अकीक नव्हे, एवढी परीक्षा घरी पुरते. घासणारा पदार्थ दगडाहून कठीण हवा, हा पहिला नियम. नदीची वाळू बव्हंशी आपल्या दगडाइतकीच कठीण; तिने अकीक घासू जाल तर दगडाबरोबर वाळूही झिजेल. नदीला हे परवडते, कारण तिला घाई नाही.

माणसाला घाई असते, म्हणून त्याने कुरुंद शोधला. मोसच्या उतरंडीत त्याचे स्थान ९ वे, हिऱ्याच्या लगेच खाली. इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द तमिळ 'कुरुंदम'वरूनच गेला. पुढे १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरा करू पाहत होता. विजेच्या भट्टीत चिकणमाती आणि कोळशाची पूड तापवताना त्याच्या हाती निळसर-काळे, विलक्षण कठीण स्फटिक लागले. हे कार्बन आणि कोरंडम यांचे संयुग असावे असे समजून त्याने त्याचे नाव 'कार्बोरंडम' ठेवले. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते; त्यात कुरुंदाचा अंशही नव्हता. समज चुकीचा ठरला, नाव मात्र टिकले. आज साताऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात काळा 'वॉटर पेपर' मागितला की बहुधा तेच सिलिकॉन कार्बाइड कागदावर चिकटून येते. लाकडासाठीचा तांबूस काचकागद येथे कामाचा नाही. तो पाण्यात टिकत नाही.

कागदामागचा आकडा वाढतो तसा कण बारीक होतो. ८० चा कण साधारण ०.२ मिलिमीटरचा, ६०० चा त्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याचा. आम्ही ८० ने आकार देतो, मग २२०, ४००, ६००, १००० असे चढत जातो. प्रत्येक कागदाचे काम एकच: आधीच्या कागदाचे ओरखडे पुसणे आणि त्यांच्या जागी आपले, अधिक बारीक, ठेवून जाणे. मधला टप्पा गाळला तर ८० चा ओरखडा १००० च्या झिलईतूनही वर डोकावतो. शेवटी नमद्यावर ओले सिरियम ऑक्साइड. काच आणि चष्म्याची भिंगे यांना लकाकी देणारी ही पूड फारशी कठीण नसते. सिलिकेशी तिची थोडी रासायनिक जवळीक असते, आणि जे जोराने होत नाही ते तिने साधते. घासण्यापूर्वी दगड पाण्यात बुडवून पाहावा. ओला दगड जसा दिसतो, साधारण तसाच तो झिलईनंतर दिसणार असतो.

पाणी हे येथे सोयीपुरते नाही. अकीकाची कोरडी धूळ म्हणजे सिलिकेची धूळ, आणि ती फुप्फुसांत बसली की निघत नाही. गुजरातेत खंभातला अकीकाच्या मण्यांचा व्यवसाय फार प्राचीन. तिथे ते घासणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिस हा असाध्य रोग वारंवार आढळला आहे. दुकानातला गुळगुळीत मणी हातात घेताना हे आठवावे. घरी तरी दगड आणि कागद सदैव ओले ठेवावेत, आणि उरलेला चिखल मोरीत सोडू नये.

खंभातला मणी गुळगुळीत करण्याची एक जुनी रीत अशी: चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी घालायचे आणि ती पिशवी दोघांनी कित्येक दिवस इकडून तिकडे लोळवायची. तिचे भावंड आम्हाला सांगलीत भेटले. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद शिजवून, वाळवून ड्रममध्ये फिरवतात. त्यात हळकुंडे एकमेकांवर आणि ड्रमच्या जाळीवर घासून उजळतात. वजनाला थोडी घटतात, भावाला चढतात.

हळद असो वा अकीक, झिलईने काहीच भर पडत नाही, फक्त वजा होते. भर्तृहरीने नीतिशतकात हे ओळखले होते. क्षीण होऊन शोभणाऱ्या गोष्टींची त्याने यादी केली, तीत शाणेवर घासलेला मणी आहे आणि शरदातली ओसरलेली नदीही आहे. वामनपंडितांमुळे हे शतक मराठीत आले. आणि ती 'शाण' तर आपल्या देवघरात 'सहाण' होऊन कधीचीच बसली आहे. माहुलीला शरदातच खडे सापडतात, त्यामुळे तो श्लोक आम्हाला अलंकारापेक्षा निरीक्षण वाटतो.

परंतु भर्तृहरीच्या यादीत पाटा नाही. साताऱ्याच्या आमच्या घरी आजीचा पाटा आहे. पाट्या-जात्याला टाकी लावणाऱ्या बायका पूर्वी गल्लीतून हाक देत फिरत. पाटा गुळगुळीत झाला की चटणी वाटली जात नाही, म्हणून तो पुन्हा खडबडीत करून घ्यावा लागे. आजी गेली त्याच्या वर्षभर आधी तिने शेवटची टाकी लावून घेतली होती. कडेला ते टिपके अजून स्पष्ट आहेत. मध्यभागी, जिथे तिचा वरवंटा फिरे, तिथे ते पुसट होत गेले आहेत आणि एक उथळ खोलगट भाग उरला आहे. घर आवरताना नातलगांनी सुचवले, की एवढे सामान हाताशी आहेच, तर याला झिलई द्यावी आणि दिवाणखान्यात मांडावा. बेसाल्टच तो, चार सुट्ट्यांचे काम होते.

आम्ही त्याला ओला करून पाहिला. फार देखणा दिसला. तरीही कागद लावला नाही. ८० चा कागद सर्वांत आधी टाकीचे टिपके खाणार, आणि सपाटी आणायची तर तो खोलगट भागही जाणार. आजीच्या हाताने आणि चटणी-मिठाने जे घासून ठेवले, ते पुसून आमचे ओरखडे तिथे ठेवण्याचे काही कारण आम्हाला सापडले नाही. पाटा आता पुन्हा स्वयंपाकघरात आहे. खोबरे-लसणाची चटणी वाटण्याइतकी धार त्याच्या कडेला अजून शिल्लक आहे.